भाव नंतर, माप आधी: सांदवाडीतल्या स्वयंपाकघर-न्हाणीच्या ठेक्याच्या नोंदी

काम: वरोरा तालुक्यातल्या एका गावात, कवेलूच्या जुन्या घरामागे, सांदवाडीत (परसात), पाच फूट अंतर सोडून नवे स्वयंपाकघर (आतून 14 × 10 फूट) आणि त्याला लागून न्हाणी-संडास (5 × 10 फूट). सहा कॉलम, प्लिंथ (जोत्याचे) बीम, वर स्लॅब. बाहेरून बाहेर 21 × 11.5 फूट. सामान घरमालकाचे, मजुरी ठेकेदाराची.

6 फेब्रुवारी

ठेकेदाराला बोलावण्याआधी जागेवर एक चाचणी खड्डा घेतला, 3 × 3 फूट. वरून साडेचार फूट काळी माती, खाली फूटभर चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती आणि साडेपाच फुटांवर मुरूम. पाया मुरमात निदान अर्धा फूट शिरला पाहिजे, म्हणजे खोली सहा फूट. हा आकडा हाती नसताना भाव विचारला तर ठेकेदार चार फूट धरून भाव देतो आणि खोदताना ‘वरचे दोन फूट जास्तीचे’ लावतो. चूक त्याची नसते, त्याला कोणी खोली सांगितलेलीच नसते.

ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढला, बांधकामाचा अर्ज दिला. अभियंत्याकडून लोखंडाचा तक्ता आणि कॉलमचा नकाशा घेतला. गावात हा खर्च बहुतेक जण टाळतात. पण भांडण झाले की दाखवायला तोच एक कागद असतो.

11 फेब्रुवारी

तिघांकडून मजुरीचे भाव आले, तिघांचेही चौरस फुटावर. भाव तेवढा ऐकून माणूस ठरवायची घाई इथेच होते.

पहिल्याचे माप प्लिंथचे: 21 × 11.5 = 241.5 चौरस फूट. दुसऱ्याचा दर दहा टक्क्यांनी कमी, पण तो माप स्लॅबचे धरतो. स्लॅब पुढे-मागे दीड-दीड फूट बाहेर आहे, म्हणजे 21 × 14.5 = 304.5 चौरस फूट. क्षेत्र 63 फुटांनी वाढले, सव्वीस टक्के. दर दहा टक्के कमी असूनही एकूण मजुरी पहिल्यापेक्षा साडेतेरा टक्के जास्त बसते. तिसऱ्याचा दर सगळ्यात कमी, पण त्यात बाहेरची छपाई नाही, ती ‘नंतर पाहू’. बाहेरचा घेर 65 फूट आणि जोत्यासकट उंची 12 फूट, म्हणजे दारे-खिडक्या न वजा करता 780 चौरस फूट छपाई त्या ‘नंतर’मध्ये बसलेली.

तिघांनाही एकच यादी दिली आणि त्याच मापावर पुन्हा भाव मागितला. माप प्लिंथचे, सज्जाचे (भिंतीबाहेर आलेल्या स्लॅबचे) वेगळे पैसे नाहीत. खोदकाम सहा फूट. आत-बाहेर छपाई, फरशी, ओट्याचा कडप्पा बसवणे आणि सेंट्रिंगचे (स्लॅब ओतायच्या साच्याचे) भाडे सगळे दरात. मिक्सर आणि त्याचे डिझेल ठेकेदाराचे. खिळे, सेंट्रिंगचे तेल ठेकेदाराचे, बांधणीची तार मालकाची (एका टनाला साधारण दहा किलो). पाणी मालकाचे, पण पाणी मारायचा माणूस कोणाचा हेही लिहिले. बांधकाम चालू असेपर्यंत ठेकेदाराचा, स्लॅब पडल्यावर चौदा दिवस मालकाचा.

13 फेब्रुवारी

पहिल्या आणि तिसऱ्या ठेकेदाराची दोन-दोन जुनी कामे पाहिली. नवीन काम पाहून काही कळत नाही, दोन पावसाळे खाल्लेले पाहायचे. पाहण्याच्या जागा तीन. स्लॅबखाली पंख्याच्या डब्याभोवती ओल आहे का. कॉलम आणि विटेच्या जोडावर उभी चीर आहे का. फरशी खोलीच्या मध्ये उचलली आहे का. काठीने ठोकली की पोकळ आवाज येतो. तिसऱ्याच्या एका कामात स्वयंपाकघराची फरशी मधोमध बोटभर उचललेली होती. विचारल्यावर जोत्यात भर काळ्या मातीची निघाली. त्याला तिथेच वजा केले.

18 फेब्रुवारी

पहिल्याशी करार, 500 रुपयांच्या मुद्रांकावर. पैशांचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधले, तारखांना नाही. इसार पाच टक्के. पाया, जोते आणि मुरमाची भर झाल्यावर वीस. भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) गेल्यावर वीस. सेंट्रिंग आणि लोखंड तपासून झाल्यावर दहा, स्लॅब पडल्यावर पंधरा. सेंट्रिंग उघडून पाण्याची चाचणी झाल्यावर दहा. छपाई-फरशीनंतर पंधरा. उरलेले पाच टक्के 30 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे पूर्ण पावसाळा जाईपर्यंत मालकाकडे.

ठेकेदाराने मोठा इसार मागितला होता, ‘मजुरांना बाजाराला द्यावं लागते भाऊ’ म्हणून. ते खरे असते. मजुरांचा हप्ता बाजाराच्या दिवशी चुकता करावा लागतो आणि ठेकेदाराच्या खिशात तेवढे खेळते पैसे नसतात. तोडगा असा काढला की दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हजेरीइतकी उचल द्यायची, वहीत सही घ्यायची आणि पुढच्या टप्प्यातून ती कापायची. त्या टप्प्याच्या रकमेपेक्षा उचल वर जाऊ द्यायची नाही. एवढे सांभाळले की अर्धे काम टाकून पळण्याचे कारणच उरत नाही.

करारात आणखी एक ओळ घातली: प्लेटा आणि बल्ल्या (सेंट्रिंगचे पत्रे आणि टेकू) स्लॅबनंतर पंधरा दिवस जागेवर राहतील, त्याचे जास्तीचे भाडे नाही. त्या ओळीचे काम पुढे मे महिन्यात पडले.

26 फेब्रुवारी

खोदकाम. सहा खड्डे, प्रत्येकी 4.5 × 4.5 × 6 फूट, एकूण 729 घनफूट, म्हणजे सव्वासात ब्रासपेक्षा थोडे जास्त. काळी माती फेब्रुवारीत वाळलेली असते, कडा ढासळत नाहीत. हेच जूनमध्ये केले तर खड्डा रात्रीत बुजतो. निघालेली माती खड्ड्यापासून चार फूट लांब टाकायला लावली.

3 मार्च

तळाला चार इंच कच्चे काँक्रीट, वर 4 × 4 फुटांची जाळी, 10 मिमी सळई सहा-सहा इंचांवर. जाळीखाली 50 मिमीचे ठोकळे. मिस्त्री विटेचे तुकडे लावत होता. ते पाणी ओढतात आणि लोखंडाला गंज तिथूनच लागतो. सिमेंटचे ठोकळे आदल्या आठवड्यात जागेवरच ओतून ठेवले होते, तेच लावले.

कॉलम 9 × 12 इंच, सहा सळया 12 मिमीच्या, रिंगा 8 मिमीच्या, दर सहा इंचांवर. रिंगांच्या टोकांचे आकडे काटकोनात वळवलेले आले. काटकोनाचा आकडा ताणाखाली उघडतो, तो आत वळून काँक्रीटच्या गाभ्यात शिरला पाहिजे, 135 अंशांवर. चाळीसेक रिंगा परत वळवून घेतल्या, अर्धा दिवस गेला. सळईला जोड द्यायचा तर व्यासाच्या पन्नास पट, 12 मिमीला दोन फूट, आणि सगळ्या सळयांचा जोड एकाच उंचीवर नको.

12 मार्च

प्लिंथ बीम झाले. बीमखाली काळी माती थेट लागू दिली नाही, तिथे रेतीचा थर घातला. पावसाळ्यात माती फुगते तेव्हा तिला वर यायला थोडी जागा हवी, नाहीतर ती बीमच उचलते.

जोत्याची भर: आतले क्षेत्र 190 चौरस फूट, उंची दोन फूट, म्हणजे 380 घनफूट दाबलेला मुरूम. सैल मुरूम दाबून बसतो म्हणून पाच ब्रास आणला. सकाळी जागेवर पोहोचेपर्यंत खड्ड्यांतून निघालेली काळी माती दोन ट्रॉलीभर जोत्यात पडलेली होती. ठेकेदाराचा हिशेब सरळ होता: माती बाहेर नेण्याचे भाडे वाचते आणि मुरूमही कमी लागतो. पण ही माती पावसात ओल पिऊन फुगते, चैत्र-वैशाखात आकसून हातभर भेगा देते आणि त्या हालचालीत फरशी जाते. 13 फेब्रुवारीला पाहिलेल्या कामातली उचललेली फरशी ठेकेदाराला माहीत होती, जास्त बोलावे लागले नाही. माती परत उचलली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकला, पाणी मारून दुर्मुसाने ठोकला. चार थरांना तीन दिवस लागले.

14 मार्च

रेती आली. ट्रॉलीवाला ‘ब्रास’ म्हणतो. टेपने आतून मापली: 10 × 6 फूट, उंची दीड. म्हणजे 90 घनफूट, दहा फूट कमी. वर ढीग असतो असे तो म्हणाला. ढीग सपाट करून मापला तर दोन इंचही भरला नाही. पैसे मापल्याप्रमाणे दिले. ओली रेती वीस-तीस टक्के फुगून मापात जास्त दिसते, म्हणून शक्यतो वाळलेली घ्यावी. वाहतुकीचा परवाना ट्रॉलीवाल्याकडून घेऊन ठेवला. पावसाळ्यात घाट बंद असतात, त्यामुळे छपाईसकट सगळी रेती आत्ताच.

मातीचे प्रमाण काचेच्या बाटलीत पाहिले: अर्धी रेती, वर मिठाचे पाणी, हलवून तीन तास ठेवली. वर गाळाचा थर रेतीच्या आठ टक्क्यांच्या आत हवा. इथे जेमतेम आत होता, छपाईसाठी चाळून-धुवून घ्यायची असे ठरवले.

5 एप्रिल

भिंती लिंटेलवर. एका दिवसात चार फुटांपेक्षा जास्त उंच विटकाम होऊ दिले नाही. विटा टाकीत भिजवून. विशेष काही नाही.

22 एप्रिल

सेंट्रिंग. प्लेटांच्या सांध्यांत चिखल भरायचा होता, त्याऐवजी टेप लावला. चिखल स्लॅबच्या पोटाला चिकटतो आणि तिथे छपाई धरत नाही. बल्ल्यांच्या बुडाशी विटा रचल्या होत्या, त्या काढून फळ्या घातल्या. बल्ली विटेवर उभी केली तर ओल्या काँक्रीटच्या भाराने वीट फुटते आणि स्लॅबला पोट सुटते.

24 एप्रिल

लोखंड तपासले. स्लॅब पाच इंच. आखूड बाजूने 8 मिमी सहा इंचांवर, लांब बाजूने आठ इंचांवर. कापणीचा हिशेब आधी कागदावर केला होता, नाहीतर तुकडे वाया जातात. सळई 40 फुटी. आखूड बाजूचा तुकडा 15 फूट, एका सळईतून दोन निघतात आणि दहा फूट उरतात. तेच सज्जाच्या वरच्या लोखंडाचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे. 43 तुकड्यांना 22 सळया, त्यातूनच 44 वरचे तुकडे. सज्जा दोन्ही बाजूंना म्हणून वरचे 86 लागतात, बाकीच्या 42 ला सहा सळया. लांब बाजूला बारा, मधल्या बीमवर तीन, सज्जाच्या आडव्या चार. एकूण 47 सळया, सुमारे 223 किलो. 8 मिमीची एक सळई (12 मीटर) 4.74 किलो भरायला हवी. व्यासाचा वर्ग भागिले 162 केले की मीटरचे वजन निघते. दुकानदार नग मोजून देतो, पण घ्यावे वजनावर. दहा मिमीपर्यंतच्या सळईला मानकातच सात टक्के कमी-जास्तीची सूट आहे.

सगळ्यात जास्त वेळ सज्जावर घालवला. खोलीत स्लॅबचे पोट ताणात असते म्हणून लोखंड खाली. सज्जा भिंतीबाहेर लटकतो, त्याचा ताण वर असतो, म्हणून लोखंड वर. स्लॅब टाकताना पाटीवाले याच कडेवरून चालतात, वरची सळई त्यांच्या पायाखाली दबून तळाला जाते आणि वरून काही दिसत नाही. टेकू काढला की सज्जा मुळातून तुटून खाली येतो. उपाय म्हणजे सळईच्या खुर्च्या, साडेतीन इंच उंच, दर दोन फुटांवर, तारेने दोन्हीकडे बांधलेल्या. शिवाय चालायला फळ्या, ज्या खुर्च्यांवर नव्हे तर खाली प्लेटांवर विटा ठेवून टेकवलेल्या. स्लॅबला ठोकळे 20 मिमीचे, बीमला 25 चे.

पंख्याचे डबे आणि वायरिंगच्या नळ्या आजच टाकून घेतल्या. विद्युतवाला ‘उद्या सकाळी येतो’ म्हणत होता. त्याच्यासाठी स्लॅब थांबत नाही आणि नंतर छिन्नीने फोडलेल्या स्लॅबमधून पाणी येते.

26 एप्रिल

स्लॅब पहाटे पाचला सुरू, साडेआठला संपला. दुपारी पारा 44 च्या वर जातो, त्यात काँक्रीट टाकले तर पृष्ठभाग आतल्या मालाआधी सुकतो आणि जाळीसारख्या चिरा पडतात.

हिशेब: स्लॅब 127 घनफूट, बीमचा खालचा भाग 31, एकूण 158. प्रमाण एकास दीड, तीन. सिमेंट 36 बॅगा (40 आणल्या), रेती पाऊण ब्रासच्या आत, गिट्टी सव्वा ब्रासपेक्षा थोडी जास्त. मापाला घमेले न वापरता फर्मा केला, 12 × 12 × 15 इंच, सव्वा घनफूट, म्हणजे एका बॅगेइतका. एका बॅगेला दीड फर्मा रेती, तीन फर्मे गिट्टी. घमेल्याचे गणित पाचव्या घाण्यानंतर कोणी मोजत नाही, फर्मा दिसतो.

पाण्यावर ओढाताण झालीच. बॅगेला पंधरा लिटरच्या पावणेदोन बादल्या, 26 लिटर. मिक्सरवाल्याने तिसऱ्या घाण्यात नळी सोडली. मिस्त्रीचे म्हणणे, ‘पाणी कमी टाकलं का माल पसरत नाही ना भाऊ.’ पसरवण्याचे काम व्हायब्रेटरचे आहे. जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात, पुढे गळती तिथूनच. नळी काढून बादली ठेवली आणि बादलीवर एक माणूस.

रिकाम्या बॅगा एका कोपऱ्यात रचत गेलो. अर्धा स्लॅब झाला तेव्हा 17 भरल्या, 18 हव्या होत्या. एक कमी म्हणजे कुठेतरी गिट्टी चढली किंवा जाडी उतरली. पाच इंचावर खूण केलेली सळई खुपसून पाहिली तर दक्षिण कोपऱ्यात साडेचार. माल ओलाच होता, तिथे भरून घेतला. शेवटी 36.

साडेनऊला वरचा थर धरू लागताच ओले तरट टाकले.

27 एप्रिल ते 10 मे

आळी करून दोन इंच पाणी उभे केले. पहिली भर सुमारे 1400 लिटर, नंतर रोज तीन-चारशे लिटर उन्हाने उडतात तेवढी भर. विहीर तळाला गेली होती, दोनदा टँकर घेतला. सिमेंट राखमिश्रित आहे. अशा सिमेंटला कोरड्या कडक उन्हात चौदा दिवस पाणी लागते, सात दिवसांत उरकत नाही.

3 मे

ठेकेदाराला प्लेटा काढायच्या आहेत. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतोय, त्याची माणसे पंधरा दिवस जंगलात जातील आणि प्लेटा दुसऱ्या गावाला सांगितलेल्या. अडचण खरी. करारातली पंधरा दिवसांची ओळ दाखवली आणि मधला मार्ग दिला. दहा फुटांच्या गाळ्याला मानकाप्रमाणे टेकू सात दिवसांनी निघू शकतात, बीमखालचे चौदा दिवसांनी. राखमिश्रित सिमेंट सावकाश ताकद धरते म्हणून स्लॅबच्या प्लेटा दहाव्या दिवशी (6 मे), बीम आणि सज्जाचे टेकू 10 मे नंतरच. सज्जाचे टेकू काढताना टोकापासून भिंतीकडे यायचे, उलट नाही.

11 मे

सगळे उघडले. बीमच्या पोटाला एका ठिकाणी गिट्टी उघडी, वितभर. व्हायब्रेटर तिथे पोहोचला नव्हता. सैल माल छिन्नीने काढून एकास दोन मसाल्याने भरले. पाण्याची चाचणी: दोन इंच पाणी, पेन्सिलची खूण, चोवीस तास. खाली ओल नाही. दहा टक्के दिले.

29 मे

छपाई. कॉलम-विटेच्या जोडावर कोंबडीजाळी, एक फूट रुंद, खिळ्यांनी ताणून. आतून सगळीकडे लावलेली पाहिली. स्लॅबवर पाण्याचा उतार 14.5 फुटांत पावणेदोन इंच. न्हाणीच्या फरशीला फुटाला पाव इंच, सांडपाण्याच्या जाळीच्या दिशेने. बादली ओतून पाहिली, एका कोपऱ्यात पाणी थांबले, दोन फरशा उचलून परत बसवल्या.

5 जून

काम संपले. मृग तोंडावर, मजूर पेरणीला.

17 ऑगस्ट

झडीच्या पावसानंतर पाहणी. स्लॅब कोरडा, फरशी ठोकून भरीव. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून दोन कॉलमच्या जोडावर केसासारखी उभी चीर, दहा-दहा फूट. छपाई थोडी उकरली तर जाळी नाही. आतून लावली, बाहेरून राहिली. 29 मे ला बाहेरची बाजू छपाईआधी पाहायची सुटली होती.

4 ऑक्टोबर

ठेकेदाराने वीस फूट लांबीची, फूटभर रुंदीची पट्टी काढून जाळी लावली आणि पुन्हा छापली. सामान मालकाचे, मजुरी त्याची. सात दिवस पाणी मारून झाले की उरलेले पाच टक्के, वहीवर सही घेऊन. डाव्या कॉलमजवळचा जोड परत पाहायचा तो मेमध्ये, जमीन पूर्ण वाळून भेगा पडल्यावर.